धर्मराज यक्ष होतो तेव्हा

महाभारताच्या वनपर्वातील यक्षप्रश्नांचे आख्यान आपण अनेक अंगांनी वाचत आलो आहोत. पण त्यातली एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली असते की तिच्याकडे लक्षच जात नाही. प्रश्न विचारणाऱ्याची आणि उत्तरे देणाऱ्याची जागा तेथे बदलत नाही. चार भाऊ सरोवराकाठी निपचित पडलेले, युधिष्ठिर एकामागून एक उत्तरे देतो, यक्षाचे समाधान होते, भाऊ उठून बसतात आणि पांडव अज्ञातवासाच्या विचाराला लागतात. पुढच्या तहानलेल्या वाटसरूला प्रश्न घालण्यासाठी युधिष्ठिर त्या काठावर बसून राहिला, असे कथा सांगत नाही. उत्तर देणे ही परीक्षा आणि प्रश्न विचारणे हा अधिकार, अशी ही वाटणी आहे. आणि तो अधिकारही अखेर कुणा यक्षाचा नसून खुद्द धर्माचा, म्हणजे युधिष्ठिराच्या पित्याचा निघतो.

केन जेनिंग्ज या अमेरिकन गृहस्थांची कारकीर्द मला विचार करण्याजोगी वाटते, ती याच वाटणीमुळे. २००४ मध्ये ‘जेपर्डी!’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत सलग ७४ सामने जिंकणारा हा स्पर्धक २०२१ पासून त्याच मंचावर सूत्रसंचालकाच्या जागी उभा आहे. आपल्याकडे अशा कार्यक्रमांचे सूत्रसंचालक येतात ते रंगभूमीवरून वा चित्रपटांतून. ‘कौन बनेगा करोडपती’ २००० मध्ये सुरू झाले ते अमिताभ बच्चन यांच्या नावावर. २०१३ मध्ये त्याचा मराठी अवतार आला तेव्हा सचिन खेडेकर होते आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे. मंजुळे कवी आहेत, ही आपल्या वर्तुळात आनंदाची बाब असली, तरी त्यांना त्या खुर्चीवर बसवले ते कवी म्हणून नव्हे. या कार्यक्रमांत सूत्रसंचालकाला उत्तर ठाऊक असावे लागत नाही. ते संगणकाला ठाऊक असते, आणि ‘लॉक’ करण्याचा अभिनय तेवढा माणसाने करायचा असतो. प्रश्नांच्या उत्तरांवर ज्याचे नाव झाले, त्याच्याच हाती प्रश्नांचे कागद दिले जाणे ही म्हणूनच निराळी घटना आहे.

साहित्याच्या अध्यापकाने या विषयात लक्ष घालावे का, असा प्रश्न कुणी विचारील. माझे मत असे की घालावेच, कारण ‘माहिती म्हणजे ज्ञान नव्हे’ हे वाक्य आपल्या विभागांत जितक्या सहजपणे उच्चारले जाते तितके ते तपासले जात नाही. प्रश्नमंजूषेतल्या हुशारीकडे आपण तुच्छतेने पाहतो. पण याच आपल्या व्यवसायाचे प्रवेशद्वार असलेल्या ‘नेट’ परीक्षेची तिसरी प्रश्नपत्रिका जून २०१२ पासून वर्णनात्मक राहिली नाही. तीही वस्तुनिष्ठ झाली. तेव्हापासून आपल्या विषयातली पात्रता कवी आणि काव्यसंग्रह, संप्रदाय आणि ग्रंथ, समीक्षक आणि संकल्पना यांच्या जोड्या लावून ठरते. म्हणजे ज्या प्रकारच्या जाणतेपणाला आपण वर्गात हसतो, त्याच्याच प्रमाणपत्रावर आपण वर्गात उभे असतो. ही विसंगती टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

‘जेपर्डी!’चा आराखडा समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. १९५६ च्या अखेरीस ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन या तरुणाने हर्ब स्टेम्पेल या विजेत्याला हरवले. व्हॅन डोरेन कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन करीत. वडील मार्क व्हॅन डोरेन नामवंत कवी आणि त्याच विद्यापीठात प्राध्यापक. देखणा, नम्र, आठवण्यासाठी कपाळावरचा घाम टिपणारा हा साहित्याचा अध्यापक घराघरांत पोहोचला. त्याने सुमारे १ लाख २९ हजार डॉलर मिळवले आणि पुढे एनबीसी वाहिनीवर त्याला नोकरीही मिळाली. सारे खोटे होते. उत्तरे आधी दिली जात होती, घाम टिपण्याची जागाही ठरलेली होती, आणि स्टेम्पेलला ठरवून चुकायला लावले होते. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेन यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली. विद्यापीठातली जागा गेली, वाहिनीवरची नोकरीही गेली. १९६० मध्ये अशा बनावटीला बंदी घालणारी तरतूद कायद्यात झाली. रॉबर्ट रेडफर्ड यांचा १९९४ चा ‘क्विझ शो’ हा चित्रपट याच प्रकरणावर आहे. व्हॅन डोरेन पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या संपादनात रमले. ज्याचे जाणतेपण पडद्यावर खोटे ठरले, त्याने उरलेले आयुष्य इतरांसाठी खरी माहिती निवडण्यात घालवले. या उत्तरार्धावर कुणी कादंबरी का लिहिली नाही, याचे मला नवल वाटते.

या प्रकरणानंतर प्रश्नमंजूषेवर विश्वास कोण ठेवणार? मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नी ज्युलान यांनी सुचवलेली युक्ती अशी: स्पर्धकांना उत्तरे दिली हाच गुन्हा असेल, तर उत्तरे उघडपणे द्यावीत आणि प्रश्न त्यांना शोधायला लावावेत. उत्तर ‘५,२८०’, स्पर्धकाने म्हणायचे, ‘एका मैलात किती फूट?’ १९६४ मध्ये ‘जेपर्डी!’ सुरू झाला तो या उलट्या मांडणीवर, आणि ती आजही कायम आहे. व्यवहारात हा केवळ शिष्टाचार आहे. स्पर्धक ‘कोण आहे?’ वा ‘काय आहे?’ एवढे पुढे जोडतो आणि मोकळा होतो. तरीही या शिष्टाचारात मला एक नेमकेपणा दिसतो. जाणणाऱ्याने आपले उत्तर विधान म्हणून न मांडता पृच्छा म्हणून मांडायचे, एवढी विनयाची खूण एका घोटाळ्याच्या राखेतून उगवली.

आता जेनिंग्ज. जन्म १९७४ चा. बालपणाचा मोठा भाग दक्षिण कोरियात आणि सिंगापुरात गेला. कोरियात अमेरिकी सैन्याच्या वाहिनीवर हा कार्यक्रम पाहत ते वाढले. विद्यापीठात त्यांनी संगणकशास्त्र आणि इंग्रजी साहित्य असे दोन्ही विषय घेतले, आणि २००४ मध्ये ते सॉल्ट लेक सिटीत संगणक-आज्ञावली लिहिण्याची नोकरी करीत होते. आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, पाच विजयांनंतर विजेत्याला निवृत्त करण्याचा जुना नियम रद्द झाला होता. तो असता तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

२ जून २००४ रोजी प्रक्षेपित झालेल्या त्यांच्या पहिल्या सामन्यातला अखेरचा प्रश्न मला फार बोलका वाटतो. एकाच ऑलिंपिकमध्ये पाच निरनिराळ्या मैदानी स्पर्धांत पदके मिळवणारी पहिली महिला कोण, असा त्याचा आशय होता. जेनिंग्ज यांनी लिहिले, ‘जोन्स कोण आहे?’ फक्त आडनाव. आणि जोन्स हे अमेरिकेत आपल्याकडच्या पाटील-जोशींइतके सरसकट आढळणारे आडनाव. सूत्रसंचालक अ‍ॅलेक्स ट्रेबेक क्षणभर थांबले आणि उत्तर ग्राह्य ठरले. ते नाकारले गेले असते तर जेनिंग्ज त्याच दिवशी पराभूत होऊन घरी गेले असते. ७४ विजयांची ती मालिका, २५ लाखांहून अधिक डॉलर, २,७०० हून अधिक अचूक उत्तरे, हे सारे उभे आहे ते परीक्षकाने दाखवलेल्या एका समजूतदारपणावर. आपल्यापैकी ज्यांनी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्यांना हा क्षण अपरिचित नाही. विद्यार्थ्याने ‘केशवसुत’ऐवजी नुसते ‘दामले’ लिहिले असेल तर गुण द्यायचे की नाही?

त्या प्रश्नाची पुढची कथा आणखी मजेची आहे. मॅरियन जोन्स यांनी उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली आणि सिडनी येथील २००० च्या ऑलिंपिकमधली त्यांची पाचही पदके डिसेंबर २००७ मध्ये काढून घेण्यात आली. म्हणजे ज्या उत्तराने जेनिंग्ज यांची कारकीर्द सुरू झाली, ते उत्तर आज बरोबर नाही. माहिती स्थिर असते आणि अर्थ तेवढा बदलतो, अशी आपली एक समजूत आहे. माहितीही मरते.

विजयांच्या मालिकेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आकडे पुरेसे आहेत. एक तांत्रिक बाब मात्र सांगायला हवी. सूत्रसंचालकाने मजकूर पूर्ण वाचेपर्यंत हातातली कळ दाबून उपयोग नसतो. आधी दाबली तर ती पाव सेकंद बंद पडते. वाचन संपताक्षणी पडद्याआडचा एक माणूस मार्ग मोकळा करतो आणि दिवे लागतात. बहुतेक उत्तरे तिन्ही स्पर्धकांना ठाऊक असतात. जिंकतो तो, ज्याने वाचणाऱ्याच्या आवाजाची लय पकडली. सहा महिने जेनिंग्ज जे ऐकत होते ते ट्रेबेक यांचे वाक्य कुठे संपते हे. या अर्थाने त्यांचे यश हे जितके स्मरणाचे तितकेच श्रवणाचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

३० नोव्हेंबर २००४ च्या भागात ते हरले. ज्या कंपनीचे ७० हजार हंगामी पांढरपेशे कर्मचारी बहुतांशी वर्षातून चारच महिने काम करतात, ती कंपनी कोणती? जेनिंग्ज यांनी ‘फेडेक्स’ लिहिले. अपेक्षित उत्तर ‘एच अँड आर ब्लॉक’ ही प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणारी कंपनी होती. ते आपले विवरणपत्र स्वतःच भरत असत. शेक्सपिअर आणि नकाशे तोंडपाठ असलेला माणूस अडला तो शेजारच्या रस्त्यावरच्या दुकानाशी.

पुढे २००६ मध्ये त्यांनी ‘ब्रेनिअ‍ॅक’ हे पुस्तक लिहिले. त्यात आत्मचरित्र आहे, पण अधिक आहे तो प्रश्नमंजूषेच्या जगाचा फेरफटका. ‘ट्रिव्हिया’ हा शब्द आपण क्षुल्लक या अर्थाने ओळखतो. लॅटिनमध्ये तीन रस्ते मिळतात ती जागा म्हणजे ‘ट्रिव्हियम’. तिठ्यावरचे, म्हणून सर्वांच्या पायाखालचे, म्हणून सामान्य. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांनाही हेच नाव होते. या शब्दाला प्रश्नमंजूषेचा आजचा अर्थ मिळाला तो १९६५ च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या खेळातून. ज्या आवारातून सहाच वर्षांपूर्वी व्हॅन डोरेन बाहेर पडले होते, तेच हे आवार. आपल्या बोलीत ‘तिठा’ म्हटले की तेथे चहाची टपरी असते, एस.टी. थांबते आणि गावाची बातमी कळते. असल्या ज्ञानाला क्षुल्लक म्हणावे की सार्वजनिक म्हणावे, हा दृष्टीचा प्रश्न आहे. मी दुसरे विशेषण पसंत करीन.

फेब्रुवारी २०११ मध्ये जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर हे दोन अव्वल विजेते आयबीएम कंपनीच्या ‘वॉटसन’ या संगणकप्रणालीशी खेळले आणि सपशेल हरले: वॉटसन ७७,१४७ डॉलर, जेनिंग्ज २४,०००, रटर २१,६००. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर ब्रॅम स्टोकर होते. जेनिंग्ज यांनी ते बरोबर लिहिले आणि खाली नव्या संगणक-धन्यांचे स्वागत करणारी, ‘द सिम्पसन्स’ या मालिकेतून उचललेली एक थट्टेची ओळही जोडली. यंत्राच्या चुका मात्र यंत्राच्याच जातीच्या होत्या. अमेरिकेतील शहरे या सदरात त्याने कॅनडातले टोरांटो सांगितले. तेव्हा हा सारा प्रकार तमाशा म्हणून पाहिला गेला. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात त्याहून वाचाळ यंत्र आहे आणि तेही तितक्याच निःशंकपणे चुकते. ‘सर, हे पाठ कशाला करायचे, विचारले की मिळते,’ असे तो विचारतो, तेव्हा उत्तर देणे सोपे नसते. मला सुचणारे उत्तर एवढेच की टोरांटो अमेरिकेत नाही हे ओळखण्यासाठी ते आधी आपल्यापाशी असावे लागते. जे आपल्यापाशी नाही ते चुकीचे आले तर खटकणार कसे?

याच मुद्द्याचा दुसरा दाखला जानेवारी २०२० मधला आहे. जेनिंग्ज, रटर आणि जेम्स होल्झहाउअर या तिघांत सर्वश्रेष्ठ कोण हे ठरवणाऱ्या मालिकेत जेनिंग्ज विजयी झाले. अखेरचा मजकूर असा होता: शेक्सपिअरच्या शोकांतिकांतील ज्या पात्राच्या नावावर नाटक नाही, त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे २७२ वेळा बोलणारे पात्र. जेनिंग्ज यांनी इयागो लिहिले, होल्झहाउअर यांनी होरेशिओ. हा प्रश्न पाठांतराचा नाही. २७२ हा आकडा कुणी पाठ करीत नाही. होरेशिओ ‘हॅम्लेट’मध्ये पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत असतो, म्हणून यादी आठवणाऱ्याला तो सुचू शकतो, पण नाटक पाहिलेल्याला ठाऊक असते की तो बहुतेक वेळ ऐकत उभा असतो. इयागो मात्र बोलायचा थांबतच नाही. बोलणे हेच त्याचे शस्त्र, आणि ‘ऑथेल्लो’त नायकापेक्षाही जास्त ओळी त्याच्या तोंडी आहेत. देवलांचे ‘झुंझारराव’ ज्यांनी वाचले आहे त्यांनाही हे उत्तर तर्काने काढता आले असते. माहिती आणि आकलन यांच्यामध्ये आपण जी भिंत बांधतो, तिला अशा प्रश्नात खिडकी असते. सगळेच प्रश्न असे नसतात, हेही खरे.

अ‍ॅलेक्स ट्रेबेक १९८४ पासून हा कार्यक्रम चालवीत होते. मार्च २०१९ मध्ये त्यांनी स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे प्रेक्षकांना स्वतः सांगितले, त्यानंतरही काम चालू ठेवले, आणि ८ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. ११ जानेवारी २०२१ पासून पहिले पाहुणे सूत्रसंचालक म्हणून जेनिंग्ज आले, ते ट्रेबेक यांच्या पत्नीने दिलेली त्यांची कफलिंक्स मनगटावर लावून. पण वारसाहक्क इतका सरळ नव्हता. पाहुण्यांची रांग लागली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कार्यक्रमाचे निर्माते माइक रिचर्ड्स यांचीच निवड झाली. त्यांची जुनी अनुचित वक्तव्ये उजेडात आल्यावर काही दिवसांतच त्यांना पायउतार व्हावे लागले. मग अभिनेत्री मायिम बियालिक आणि जेनिंग्ज यांनी काम वाटून घेतले, आणि डिसेंबर २०२३ पासून जेनिंग्ज एकटे आहेत.

ते निष्कलंक आहेत असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. चाकाच्या खुर्चीतल्या माणसांविषयी २०१४ मध्ये त्यांनी ट्विटरवर केलेली एक शेरेबाजी क्रूर होती, आणि तिच्यासह आपल्या जुन्या शेऱ्यांबद्दलची जाहीर माफी त्यांनी २०२० च्या अखेरीस, मंचावर उभे राहण्याच्या तोंडावर मागितली. २०२३ च्या पटकथालेखकांच्या संपात बियालिक यांनी चित्रीकरणातून अंग काढून घेतले. जेनिंग्ज यांनी ते पूर्ण केले. मला हे दुसरे अधिक खटकते. कारण कार्यक्रमातला प्रत्येक शब्द लिहिणारे लेखक प्रेक्षकांना कधी दिसत नाहीत, आणि ज्या माणसाची सारी कीर्ती त्यांच्या वाक्यांवर उभी राहिली, त्याने निदान त्या वेळी त्यांच्याबरोबर उभे राहायला हवे होते. लेखक गैरहजर असताना जुने प्रश्न पुन्हा वापरून पुढचा हंगाम सुरू करावा लागला, यातच त्यांचे मोल दिसते.

तरीही सूत्रसंचालक म्हणून ते माझ्या मते विजेत्यापेक्षा अधिक मनोवेधक आहेत. विजेत्याला आपले जाणतेपण दाखवायचे असते, सूत्रसंचालकाला ते आवरायचे असते. एका भागात ६१ प्रश्न आणि चित्रीकरणाच्या एकेका दिवशी पाच भाग. दर वेळी वाक्य नेमके, समान लयीत, कुणाही स्पर्धकाला झुकते माप न देता वाचायचे. ट्रेबेक यांच्यात किंचित मास्तरकी होती. चुकलेल्या उत्तरावर ‘अरेरे, हे ठाऊक नव्हते?’ असा सूर हलकेच उमटे, आणि प्रेक्षकांना तो आवडे. जेनिंग्ज यांच्यात तो नाही. स्पर्धक चुकला की तो कोणत्या वाटेने गेला हे त्यांना बहुधा दिसते, कारण त्या वाटांवर ते स्वतः चाललेले आहेत. दोन शब्दांत ते ती वाट दाखवतात आणि पुढे जातात. चुकीच्या उत्तराचा मागोवा घेता येणे ही अध्यापनातली सर्वांत अवघड कला आहे. ती नुसत्या विद्वत्तेने येत नाही. विद्यार्थ्याच्या बाकावर बराच काळ बसलेल्यालाच ती जमते.

आणि तरी या आसनाची एक मर्यादा आहे, जी कितीही जाणत्या माणसाला ओलांडता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजेत्यांच्या स्पर्धेत अखेरचा मजकूर असा आला: पौलाने यांना लिहिलेल्या पत्रात जुन्या करारातील अवतरणे सर्वाधिक आहेत. एका स्पर्धकाने ‘रोमकर’ लिहिले, एकीने ‘इब्री’. इब्री बरोबर ठरले, रोमकर चूक. आता इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात लेखकाचे नाव कुठेच नाही. ते पौलाचे आहे का, हा संशय तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेनपासून चालत आलेला आहे आणि आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेकांना ते पौलाचे वाटत नाही. किंग जेम्स भाषांतराच्या शीर्षकात पौलाचे नाव होते, त्या परंपरेवर प्रश्नकर्ते विसंबले. पौलाची निर्विवाद पत्रे घेतली तर रोमकर हेच उत्तर येते. ज्याने लेखकत्वाचा वाद वाचला होता तो हरला.

आपल्याला हा पेच नवा नाही. ‘ज्ञानेश्वरी’ लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद शिवराम एकनाथ भारदे यांनी उभा केला. बहुसंख्य अभ्यासकांनी द्वैत नाकारले, पण त्या निमित्ताने भाषा, दैवत, पाठ यांची जी छाननी झाली ती आपल्या संशोधनाची मोलाची कमाई आहे. वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकेत त्या छाननीसाठी चार पर्यायांपैकी एकही घर नसते. ‘याविषयी मतभेद आहेत’ हे आपल्या विषयातले बहुधा सर्वांत प्रामाणिक वाक्य, आणि तेच तेथे चूक ठरते. ‘नेट’च्या उमेदवाराला निदान शुल्क भरून उत्तरतालिकेवर हरकत घेता येते.

जेनिंग्ज यांनी तरुणपणी माद्रिदमध्ये मॉर्मन पंथाचे प्रचारक म्हणून काम केले आहे; नवा करार त्यांना परका नाही. इब्रींच्या पत्राविषयीचा वाद त्यांच्या कानावर कधीच आला नसेल, असे मला वाटत नाही. निकाल त्यांचा नव्हता, तो लेखकांचा आणि मंचाबाहेर बसलेल्या परीक्षकांचा होता. स्पर्धक म्हणून ते तेथे उभे असते तर क्षणभर दोन्ही नावांमध्ये घोटाळले असते, अशी माझी कल्पना आहे. पण ते आता त्या बाजूला नव्हते. त्यांनी हातातल्या कागदावरचे उत्तर वाचले.